वेबकॉमिक सुचवताना यादी नको, एक नेमकी लिंक द्या

वेबकॉमिक म्हणजे इंटरनेटवर वाचायची चित्रकथा. 'एखादं चांगलं वेबकॉमिक सांग की' असं कुणी म्हटलं की जाणकार वाचक आठ-दहा नावं एका दमात पाठवून देतो. समोरचा अंगठा दाखवतो आणि त्यातलं एकही उघडत नाही. नावं बहुधा चांगलीच असतात. अडचण अशी की दहांतून एक निवडायचं काम आपण त्या माणसावर टाकलेलं असतं, आणि त्याला तर त्यातलं काहीच माहीत नसतं. ते निवडीचं काम आपण करायचं, यालाच सुचवणं म्हणायचं. एक माणूस, त्याच्यासाठी एक कॉमिक, आणि त्या कॉमिकमधलं सुरुवातीचं एक नेमकं पान.

लातूरला क्लाससाठी राहिलेली पुतणी, परभणीतले शाळेचे सर, जायकवाडीला पक्षी बघायला जाणारा मित्र, विद्यापीठात पीएचडी करणारी ताई. या चौघांना एकच लिंक चालणार नाही. कुणाला कोणती द्यायची हे ठरवण्याची पद्धत पुढे दिली आहे.

आधी विचारायचं, मग सुचवायचं

पहिला प्रश्न: वाचणार कशावर? वेबकॉमिकचे आकाराने दोन ठळक प्रकार आहेत. एक म्हणजे वेबटून. याची सुरुवात दक्षिण कोरियात झाली. नेव्हर या कंपनीने तिथे 2004 मध्ये आपली सेवा सुरू केली आणि 2014 मध्ये ती इंग्रजीत आणली. यात चौकटी एकाखाली एक येतात आणि वाचक अंगठ्याने खाली सरकत जातो. चित्राची रुंदी फोनच्या पडद्याला धरूनच आखलेली असते, त्यामुळे अक्षरं मोठी दिसतात. दुसरा प्रकार पानाचा. छापील पुस्तकासारखं उभं पान, त्यात पाच-सात चौकटी. हे कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी बनतं. साध्या फोनवर अख्खं पान बसवलं की संवादाच्या फुग्यातली अक्षरं मुंगीएवढी होतात, आणि मोठं केलं की चौकटींचा क्रम सुटतो.

फक्त फोन असलेल्या माणसाला पहिल्याच वेळी पानाच्या आकाराचं कॉमिक देऊ नका. द्यायचंच असेल तर फोन आडवा धरायला सांगा, म्हणजे पानाची रुंदी पडदाभर होते आणि खाली सरकत वाचता येतं. शाळेच्या डिजिटल वर्गात प्रोजेक्टरवर दाखवायचं असेल तर मात्र उलटं होतं. वेबटूनची लांब पट्टी भिंतीवर मधोमध अरुंद दिसते आणि मागच्या बाकावरच्या मुलांना चौकट अर्धीच दिसते. तिथे पानाचं किंवा तीन-चार चौकटींचं कॉमिक घ्या.

दुसरा प्रश्न भाषेचा. त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण आपल्याकडे बहुतेक शिफारशी तिथेच फसतात.

तिसरा प्रश्न वेळेचा. 'गोष्ट अर्धी राहिली तर चालेल का?' असं सरळ विचारा. काहींना रोज रात्री एक भाग आणि पुढच्या भागाची वाट बघणं आवडतं. काहींना संपलेली गोष्टच हवी असते. परीक्षा तोंडावर असलेल्या मुलीला लांबलचक कथेची लिंक पाठवणं हा तिच्यावर अन्यायच आहे. तिला सुटी स्ट्रिप द्या, म्हणजे चार-दोन चौकटींत संपणारं कॉमिक, एक वाचून फोन खाली ठेवता येईल असं.

चौथा प्रश्न: आधी काय आवडलंय? पेपरातला चिंटू वाचत मोठा झालेला माणूस चार चौकटींचा विनोद लगेच पकडतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ती मालिका 1991 पासून घराघरांत गेली, त्यामुळे स्ट्रिप वाचायची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. टीव्हीवरच्या मालिका मन लावून बघणाऱ्याला लांब कथा पचते. मांगा म्हणजे जपानी कॉमिक वाचणाऱ्या मुलाला मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: जपानी मांगाची पानं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, वेबटून वरून खाली, आणि इंग्रजी पानांचं कॉमिक डावीकडून उजवीकडे.

भाषा: कमी शब्द म्हणजे सोपं असं नाही

मराठी माध्यमात शिकलेल्या वाचकाला इंग्रजी कॉमिक देताना आपण फुग्यात शब्द किती आहेत तेवढंच बघतो. ते पुरत नाही. विनोद कुठे दडला आहे ते बघायचं: चित्रात, प्रसंगात की शब्दात.

नॅथन पाइल यांचं 'स्ट्रेंज प्लॅनेट' हे याचं चांगलं उदाहरण. 2019 मध्ये इन्स्टाग्रामवर सुरू झालेली ही स्ट्रिप दिसायला अगदी सोपी आहे. निळसर परग्रहवासी, चार चौकटी, थोडेच शब्द. पण गंमत सगळी इंग्रजीच्या वळणात आहे. रोजच्या साध्या गोष्टीला ते प्राणी मुद्दाम अवघड, पुस्तकी नाव देतात. मूळचा साधा शब्द ज्याच्या तोंडात बसलेला नाही, त्याला हसू येत नाही. उलट आपलंच इंग्रजी कच्चं आहे असं वाटून तो बाजूला होतो. रायन नॉर्थ यांचं 'डायनासोर कॉमिक्स' तर 2003 पासून प्रत्येक वेळी तीच चित्रं वापरतं आणि फक्त संवाद बदलतं. सगळा भार शब्दांवर. इंग्रजी चांगलं असलेल्याला ते फार आवडतं, नवख्याला पहिल्याच दिवशी थकवतं.

याउलट सारा अँडरसन यांचं 'साराज स्क्रिबल्स'. आळस, अंथरुणातून न उठणं, चारचौघांत होणारी घालमेल, हे सगळं चेहऱ्यांवरूनच कळतं आणि संवाद तुटक असतात. अ‍ॅलेक्स नॉरिस यांचं 'वेबकॉमिक नेम' तीन चौकटींचं आहे, आणि शेवटी नेहमी तोच छोटा हताश उद्गार येतो. दोन-तीन स्ट्रिप वाचल्या की साचा कळतो आणि पुढची आपोआप समजते. पहिल्या इंग्रजी वेबकॉमिकसाठी ही दोन नावं भरवशाची.

आणखी एक अडचण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. इंग्रजी कॉमिकच्या फुग्यात बहुतेकदा सगळी अक्षरं मोठ्या लिपीत असतात. इंग्रजी सवयीचं नसलेला वाचक विशेषनाम कोणतं आणि साधा शब्द कोणता हे पहिल्या मोठ्या अक्षरावरून ओळखतो. ती खूण इथे नाहीशी होते, आणि पात्राचं नाव तो शब्दकोशात शोधत बसतो. उपाय सोपा आहे. लिंकसोबत मुख्य दोन-तीन पात्रांची नावं देवनागरीत लिहून पाठवा.

फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करणारं गूगल लेन्स इथे थोडंफार कामाला येतं. साध्या वाक्याचा अर्थ लागतो. पण हाताने लिहिलेली अक्षरं ते चुकीची वाचतं आणि विनोदाचं तर पार पोतेरं करतं. अडलेल्या एखाद्या फुग्यापुरतं वापरा, अख्खा भाग त्यातून वाचायला सांगू नका.

मराठवाड्यात हिंदी कानावर असतेच, तेव्हा हिंदीची पायरी विसरू नका. 'गार्बेज बिन' ही फेसबुकवर 2011 पासून गाजलेली मालिका हिंदी-इंग्रजी मिसळीत आहे. गुड्डू नावाचा मुलगा, मध्यमवर्गीय घर, आई-वडिलांचा धाक. ती समजायला तळटीप लागत नाही. 'टूनसूत्र' हे भारतीय अ‍ॅप हिंदीसह काही भारतीय भाषांत वेबटून देतं. ते सुचवण्याआधी अ‍ॅपच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन, तुमच्या मनातली गोष्ट त्या भाषेत खरंच आहे का ते स्वतः उघडून बघा.

कुणाला काय

घरातल्या लहान मुलांसाठी आणि ज्याच्या चवीचा अंदाज नाही अशा कुणासाठीही पहिलं नाव 'पेपर अँड कॅरट'. पेपर ही छोटी चेटकीण, कॅरट हे तिचं नारिंगी मांजर. फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्होय यांनी 2014 मध्ये सुरू केलं. जाहिराती नाहीत, लॉगिन नाही, पैसे नाहीत. भाग छोटे आहेत आणि सुरुवातीचे भाग सुटे वाचले तरी चालतात. स्वयंसेवकांनी ते कितीतरी भाषांत नेलं आहे. पानावर भाषांची यादी असते, ती उघडून आधी बघा.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला रँडल मन्रो यांचं 'एक्सकेसीडी'. 2005 पासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असं येतं. काड्यांची माणसं, आणि गणित, भौतिकशास्त्र, कॉम्प्युटरवरचा विनोद. इथे क्रमाने वाचायची गरज नाही, पण सुरुवात कुठून करायची याला फार महत्त्व आहे. पत्त्याच्या शेवटी क्रमांक टाकला की थेट ते चित्र उघडतं. क्रमांक 1053 कुणालाही चालतं: एखाद्याला एखादी गोष्ट माहीत नसेल तर त्याला हसण्याऐवजी ती सांगण्यात किती मजा आहे, एवढंच ते म्हणतं. पर्यावरण किंवा भूगोलात रस असेल तर 1732. इसवीसनपूर्व 20,000 पासून 2016 पर्यंतचं पृथ्वीचं तापमान एका उभ्या लांबलचक तक्त्यात आहे. त्याला फोन आडवा धरावा लागतो. क्रमांक 327 सगळे पाठवतात, पण डेटाबेस शिकलेला नसेल तर ते कळत नाही. कॉम्प्युटरच्या मुलांसाठीच ठेवा.

एक्सकेसीडीत चित्रावर माउस नेला की आणखी एक ओळ दिसते आणि अनेकदा खरा विनोद तिथेच असतो. फोनवर माउस नाही, म्हणून नवा वाचक ती ओळ कधीच वाचत नाही. त्याला पत्त्यात सुरुवातीला 'एम' असलेली मोबाइलची लिंक पाठवा, तिथे चित्राखाली दाबल्यावर ती ओळ उघडते. याच जातीची सवय झॅक वीनरस्मिथ यांच्या 'सॅटर्डे मॉर्निंग ब्रेकफास्ट सीरियल'ला लागते. स्ट्रिपच्या खालचं लाल बटण दाबलं की एक जादा चौकट मिळते. त्यात प्रौढ विनोद बरेच आहेत, शाळकरी मुलांना नको.

संशोधन करणाऱ्या ताईला हॉर्हे चॅम यांचं 'पीएचडी कॉमिक्स'. 1997 मध्ये स्टॅनफर्डमध्ये सुरू झालं. गाइडची वाट बघणं, लांबत जाणारा प्रबंध, पुरवून पुरवून वापरायची शिष्यवृत्ती. या गोष्टी छत्रपती संभाजीनगरलाही तशाच आहेत, नांदेडलाही.

पक्षी, जंगल यांत रमणाऱ्यांना रोहन चक्रवर्ती यांचं 'ग्रीन ह्यूमर'. ते मूळ नागपूरचे, शिक्षणाने दंतवैद्य. त्यांच्या स्ट्रिपमध्ये भारतातले प्राणी-पक्षी स्वतःच बोलतात. इंग्रजी मध्यम आहे, पण ज्याला जायकवाडीतला रोहित ओळखता येतो त्याचं अर्धं काम चित्रच करतं. त्याला पक्ष्याची स्ट्रिप द्या, धोरणावरची नंतर.

लांब कथेकडे वळणाऱ्या किशोरवयीन वाचकाला टॉम सिडेल यांचं 'गनरक्रिग कोर्ट' द्या. एक गूढ शाळा, जंगल, यंत्रमानव, 2005 पासून चालू. प्रकरणांची यादी वेगळी आहे, म्हणून थेट पहिल्या प्रकरणाची लिंक देता येते. अ‍ॅलिस ओझमन यांचं 'हार्टस्टॉपर' 2016 मध्ये सुरू झालं. दोन शाळकरी मुलांच्या प्रेमाची, हळुवार गतीची गोष्ट, सोपं बोलीतलं इंग्रजी. पुढच्या भागांत खाण्याचा आजार आणि स्वतःला इजा करणं हे विषय येतात, ते आधी सांगा. रेचल स्माइद यांचं 'लोर ऑलिंपस' 2018 ते 2024 चाललं आणि पूर्ण झालं. रंग अप्रतिम आहेत, पण त्यात लैंगिक अत्याचाराचा धागा आहे, मोठ्यांसाठीच. फिल आणि काया फोग्लिओ यांच्या 'गर्ल जीनियस'ला 2009, 2010 आणि 2011 असा सलग तीनदा विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पण 2005 पासून आठवड्याला तीन पानं म्हणजे वर्षाला दीडशेच्या वर, एकूण तीन हजारांहून जास्त. वाचनाची चटक लागलेल्यालाच सांगा.

लिंक पाठवण्याआधीची तपासणी

लिंक ब्राउझरच्या गुप्त खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोत उघडा. तुम्ही लॉगिन केलेलं असतं, अ‍ॅप टाकलेलं असतं, आणि म्हणून तुम्हाला दिसतं ते नव्या वाचकाला दिसत नाही. तिथे या गोष्टी बघा.

मुखपृष्ठ तर उघडत नाही ना? बहुतेक वेबकॉमिकच्या मुखपृष्ठावर सर्वांत ताजं पान असतं. कथा असेल तर नवखा माणूस थेट शेवटाकडे पोहोचतो. लिंक नेहमी पहिल्या पानाची किंवा निवडलेल्या भागाची.

कुलूप लागलंय का? नेव्हरच्या वेबटून अ‍ॅपवर चालू मालिकेचे पुढचे भाग पैसे देऊन आधी वाचता येतात. संपलेल्या कित्येक मालिका डेली पासमध्ये जातात, म्हणजे सुरुवातीच्या काही भागांनंतर दिवसाला एकच भाग फुकट, तोही बहुधा अ‍ॅपमध्येच. मालिका चालू असताना तुम्ही सगळी फुकट वाचलेली असते, म्हणून हे ध्यानातच येत नाही, आणि तिकडे वाचक मध्येच अडकतो.

गोष्ट अजून तिथे आहे का? एनडी स्टीव्हनसन यांचं 'निमोना' 2012 मध्ये वेबवर सुरू झालं. पुस्तक निघाल्यावर बहुतेक भाग वेबवरून काढला गेला. अशा वेळी पुस्तकच सुचवा.

खंड पडलाय का? 'टॉवर ऑफ गॉड' हे वेबटून 2010 पासूनचं, फार मोठं आणि लोकप्रिय. पण 2020-21 मध्ये ते दीर्घ काळ थांबलं होतं. शेवटच्या भागाची तारीख बघा आणि वाचकाला खरं ते सांगा.

इन्स्टाग्रामची लिंक फक्त सुट्या स्ट्रिपसाठी ठीक. लांब कथा तिथे कधी क्रमाने सापडत नाही, आणि खातं नसलेल्याला दोन-चार चित्रांनंतर लॉगिनची भिंत लागते.

फुकट पीडीएफ, टेलिग्रामवरचे चॅनेल आणि चोरून चढवलेल्या साइट टाळा. अशा साइटवर पडदा झाकणाऱ्या जाहिराती येतात, पानं गाळलेली असतात, आणि चित्रकाराला काहीच मिळत नाही. चित्र कापून व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करण्यातही नुकसान आहे: व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून लहान करतं, अक्षरं पुसट होतात, आणि कोपऱ्यातलं चित्रकाराचं नाव बहुधा आधीच कुणीतरी कापलेलं असतं. रेंज नसलेल्या गावात किंवा एसटीच्या लांब प्रवासात वाचायचं असेल तर अ‍ॅपमधली डाउनलोडची सोय वाय-फायवर असताना वापरायला सांगा.

सोबतचा निरोप

निरोपात चार गोष्टी असाव्यात: काय आहे, किती वेळ लागेल, काही टाकावं लागेल का, आणि वाचून झाल्यावर काय सांगायचं. कथानक सांगू नका. 'लई भारी, वाचच' यातून काहीच कळत नाही. मोठ्या चुलतभावाला असं लिहिता येईल:

'दादा, ही लिंक उघड. चेटकिणीची अन् तिच्या मांजराची चित्रगोष्ट आहे, पाच मिनिटांत होते. अ‍ॅप टाकायचं काम नाही. वर भाषांची यादी आहे, तुला जमंल ती घे. रातच्याला निवांत वाच अन् मांजर आवडलं का तेवढं सांग.'

शाळेच्या सरांना:

'सर, नमस्कार. सातवीच्या मुलांना प्रोजेक्टरवर दाखवता येईल असं एक कॉमिक पाठवतोय. चारच चौकटी आहेत. आपण आधी एकदा बघून घ्यावं, इंग्रजी मुलांना झेपेल का ते आपल्यालाच नीट कळेल.'

उत्तर आल्यावर

'छान आहे' एवढंच उत्तर आलं तर ते बहुधा वाचलेलं नसतं. लगेच दुसरी लिंक टाकू नका, आठवडाभर थांबा. 'पुढं काय होतं?' किंवा 'ते मांजर असं का करतं?' असं विचारलं तर मासा गळाला लागला. मग त्याच कॉमिकचा पुढचा भाग द्या, नवं कॉमिक नको.

तक्रार आली तर बरंच, कारण तक्रारीतून नेमकी चूक कळते. 'समजलं नाही' म्हणजे भाषा जड झाली, किंवा विनोदाला लागणारी पार्श्वभूमी त्याच्याकडे नाही. शब्द कमी आणि प्रसंग ओळखीचा असं काहीतरी शोधा. 'चित्रं कशीतरीच आहेत' ही तक्रार जुन्या, लांब मालिकांबद्दल हमखास येते. वीस वर्षं चालणाऱ्या कॉमिकमध्ये चित्रकाराचा हात पुढे पुष्कळ सुधारतो, पण नवा वाचक पहिलं पानच बघतो. अशा वेळी पुढच्या एका प्रकरणातलं एक सुंदर पान फक्त नमुना म्हणून दाखवा, त्यातला कथेचा गौप्यस्फोट टाळून, आणि मग परत पहिल्या प्रकरणाकडे न्या. मधूनच सुरुवात करायला सांगू नका. पात्रं न ओळखता वाचलेली कथा टिकत नाही.

'लई मोठं आहे' असं म्हटलं तर एकूण पानं सांगू नका, कथेचा पहिला टप्पा कुठे संपतो ते सांगा. 'तिसऱ्या प्रकरणापर्यंत वाच, नाही आवडलं तर सोडून दे.' सोडायची मोकळीक दिली की माणूस सुरू तरी करतो. 'पुढचं उघडत नाही' ही तक्रार जवळजवळ नेहमी डेली पासची किंवा लॉगिनची असते. वर सांगितलेली तपासणी तेव्हा राहून गेलेली असते.

दोन वेगळ्या जातीची कॉमिक देऊनही जमलं नाही, तर थांबा. काहींना चित्र आणि शब्द एकत्र वाचायला आवडत नाही, आणि तेही ठीक आहे.

आवडलं, आता टिकवायचं कसं

वेबटूनमध्ये मालिका सबस्क्राइब केली की नवा भाग आल्याची सूचना येते. स्वतंत्र साइटच्या कॉमिकसाठी आरएसएस, म्हणजे साइटवर नवं काही आलं की ते आपोआप पोहोचवणारी सोय, हा मार्ग सगळ्यांत चांगला, आणि तो आज फार थोडे वापरतात. फीडली किंवा तसलं एखादं वाचक-अ‍ॅप टाकून त्यात एक्सकेसीडीचा पत्ता भरला की नवं चित्र आपोआप येतं. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामने ते दाखवावं म्हणून त्यांच्या मर्जीवर राहावं लागत नाही. लांब कथेत आपण कुठे थांबलो हे ब्राउझर लक्षात ठेवत नाही. रोज त्या पानाचा बुकमार्क बदलायचा, किंवा ती लिंक स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवायची.

आणि ज्याला खरंच गोडी लागली, थोडं इंग्रजी चांगलं आहे, त्याला एक मोठं काम सुचवता येतं: भाषांतर. बहुतेक वेबकॉमिक भाषांतरित करून प्रसिद्ध करायला चित्रकाराची परवानगी लागते. 'पेपर अँड कॅरट' क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अ‍ॅट्रिब्यूशन परवान्याखाली (मूळ कलाकाराचं नाव दिलं की वापरायची मुभा) असल्याने तिथे ती मोकळीक दिलेलीच आहे. आधी भाषांच्या यादीत तो भाग मराठीत आहे का ते बघायचं. नसेल तर फुग्यांच्या एसव्हीजी (मजकूर बदलता येणाऱ्या चित्राच्या) फाइल उतरवून घ्यायच्या आणि इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडायच्या. देवनागरीसाठी कलम किंवा बलू असा मुक्त परवान्याचा फाँट घ्यावा. वरची वेलांटी आणि खालचा उकार यांमुळे देवनागरीची ओळ इंग्रजीपेक्षा उंच होते, म्हणून तीन ओळींचा इंग्रजी फुगा मराठीत दोन ओळींतच बसवावा लागतो. शब्द कापा, फाँट बारीक करू नका. मराठी वळणाचे ल आणि श नीट येतात का, जोडाक्षरं तुटत तर नाहीत ना, हे पान फोनवर उघडून तपासा. संवाद एकदा मोठ्याने वाचा. आपल्याकडचं मूल ते वाक्य तसंच बोलेल का, एवढी एकच कसोटी ठेवा. शेवटी डेव्हिड रेव्होय यांचं नाव, परवान्याचं नाव आणि भाषांतर करणाऱ्याचं नाव पानावर स्पष्ट लिहा.